अरुंधती दिसतेय ना?

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर पट्टी निघाली, त्या संध्याकाळी वामनराव एकटेच गच्चीवर गेले. सप्तर्षींमधली, वसिष्ठाला खेटून असलेली अरुंधतीची बारीक चांदणी त्यांना कित्येक वर्षांनी लख्ख दिसली.

लग्नात त्यांनीच ती बायकोला बोटाने दाखवली होती. अरुंधती दिसेनाशी झाली की माणूस सहा महिन्यांत जातो, असं तिच्या माहेरी मानत. म्हणून उन्हाळ्यात गच्चीवर अंथरुणं घालताना ती रोज विचारायची, "अहो, अरुंधती दिसतेय ना?"

"दिसतेय की!" आकाश नुसतं धुरकट दिसत असलं तरी ते ठोकून द्यायचे. मग ती निर्धास्त झोपायची.

"अगं, खरंच दिसतेय!" आज ते वळून म्हणाले. ती दिवाळीतच गेली होती. शेजारच्या खाटेवरची गादी गुंडाळलेलीच होती.

तिला स्वतःला ती दिसते का, हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.