माळावरची फेरी

डोळे मिटून घ्या आणि एक गाडी समोर आणा. ठेंगणी, रुंद, छाती काढून बसलेली. गुळगुळीत रस्त्यावर वाऱ्याशी शर्यत लावण्यासाठी जन्माला आलेली एसयूव्ही. आता तिची चारही चाकं काढा. खाली आई उताणी पडून स्प्रिंगशी झटापट करते आहे. शेजारी तिची मुलगी बिट्टी पान्हा धरून उभी आहे, आणि तिच्या डोक्यात नुसता गुंता झाला आहे.

गाडी आजोबांची. तरुणपणी ते रॅलीत गाड्या पळवायचे. म्हातारपणीही त्यांना पळणारीच गाडी हवी होती. खडीचा रस्ता दिसला की ते नाक मुरडून मागे फिरायचे. आणि हाच माणूस आता म्हणत होता, "हिला उंच कर, आणि चिखलात चालतात तसले मोठे टायर घाल."

"पळत्या घोड्याला बैलगाडीची चाकं लावताय, बाबा," आई गाडीखालून म्हणाली.

"घोडा माझा आहे."

"अजून तरी आहे."

मध्ये एकदा फाटकाचा खांब गाडीला घासला होता. 'खांबच पुढे आला,' असं आजोबा म्हणाले, तेव्हा सगळे हसले. आई हसली नाही. तिनं किल्ली काढून घेतली आणि गाडीला गिऱ्हाईकही शोधलं. मग बापलेकीत रुसवेफुगवे झाले, आणि शेवटी एक ठरलं. गाडीला आजोबांच्या मनासारखे टायर बसवायचे. आईच्या गॅरेजच्या मागच्या दारातून निघून त्यांनी माळावर एक फेरी मारायची. धड परत आले तर गाडी राहील. नाहीतर विकायची.

बिट्टीचा जीव टांगणीला लागला होता. गाडी राहिली तर नॅव्हिगेटर तीच होणार होती. रॅलीत चालवणाऱ्याच्या शेजारी एक माणूस बसतो. पुढे काय येतंय ते तो सांगत जातो, आणि चालवणारा त्याच्या शब्दावर गाडी वळवतो. आजोबा रोज संध्याकाळी तिला खुर्चीत शेजारी बसवून हेच शिकवत होते.

आईनं नवा टायर ढकलत आणला. टायर बिट्टीच्या कमरेच्याही वर येत होता.

"खडूनं खूण कर आणि एक पूर्ण फेरी लोळव," आई म्हणाली. "आता जुन्याला तसंच कर. काय दिसलं?"

"जुना मागे राहिला."

"मोठं चाक एका फेरीत जास्त अंतर कापतं. मीटर बिचारं फेऱ्याच मोजतं. म्हणून आता ते खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवणार. मला ते नीट करावं लागेल."

"राहू दे की," आजोबा टायरच्या खाचांवरून बोटं फिरवत म्हणाले. "मी कुठे मीटर बघतो?"

"बघत जा जरा."

टायर बसले, पण चाक पूर्ण वळवलं की आतल्या प्लास्टिकला घासत होते. आईनं तेवढं प्लास्टिक कापलं. आधी टायरच्या आतलं धातूचं कडं, म्हणजे रिम, लहान घालायचा तिचा विचार होता, पण वेगवान गाडीचे ब्रेक एवढे मोठे, की लहान रिम त्यांच्यावर बसेचना.

"ब्रेक आहेत तसेच असू देत," आजोबा म्हणाले. "बिट्टी, टायरवर काय लिहिलंय वाच बघू. हल्ली अक्षरं मुंगीएवढी काढतात."

बिट्टीनं वाचलं. मग न राहवून विचारलं, "पण आजोबा, तुम्हाला तर खड्डे मुळीच आवडत नाहीत."

"म्हणूनच तर. खड्डा दिसला काय, न दिसला काय, चाकाला फरक पडता कामा नये."

"मग रस्त्यावरच का नाही जायचं?"

"रस्त्यावर माणसं असतात, बाळा. माळावर आडवं यायला आहे काय? एक झाड, तेही त्या टोकाला."

बिट्टीचा गुंता काही सुटला नाही.

सकाळी आईनं किल्ली आजोबांच्या तळहातावर ठेवली आणि ती मागच्या दारात कमरेवर हात ठेवून उभी राहिली. गाडी आता इतकी उंच झाली होती, की बिट्टीला आत चढताना दाराला लोंबकळावं लागलं.

"सांग, नॅव्हिगेटर."

"सरळ. पुढे डावीकडे वळण. दगड आहे, उजवी बाजू धरा."

गाडी अलगद दगडाच्या उजवीकडून गेली. बिट्टीला अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं वाटलं. खड्डे येत होते आणि गाडी त्यांना जुमानत नव्हती. आजोबा लहान मुलासारखे हसत होते. मागे दारातली आई ठिपक्याएवढी झाली होती, तरी तिनं हात हलवलेला बिट्टीला दिसला. गाडी राहणार होती.

मग समोर ते झाड आलं. बिट्टी गप्प राहिली. एवढं मोठं झाड, अगदी नाकासमोर. त्यात सांगायचं काय?

झाड मोठं झालं. आजोबा गुणगुणत होते. चेष्टा करत असतील, बिट्टीला वाटलं. आता शेवटच्या क्षणी झोकात वळवतील, पूर्वी वळवायचे तशी. झाडाचं खोड रुंद झालं. खोडावरच्या भेगा दिसू लागल्या.

"थांबा," बिट्टी म्हणाली.

ते मोठे ब्रेक करकचून लागले. धूळ पुढे गेली आणि खाली बसली. एक फांदी समोरच्या काचेवर पानं टेकवून हलत होती.

"का गं?" आजोबांनी हसऱ्या चेहऱ्यानं समोर पाहत विचारलं. "पुढे तर सगळं मोकळंच आहे ना?"

बिट्टीनं काचेवरच्या पानांकडे पाहिलं. मग आजोबांकडे पाहिलं. तिनं हात लांब करून गाडी बंद केली, किल्ली काढून मुठीत घट्ट धरली, आणि दुसऱ्या हातानं त्यांचं बोट पकडत म्हणाली, "उतरा, आजोबा. इथून पुढे चालत. मी सांगते तसे या."