हलका चाप

ऑर्व्हिल म्हाताऱ्याला हल्ली घरचीच माणसं चोर वाटायची, आणि उशाखालचं रिव्हॉल्व्हर तो कुणाच्या हाती देईना. "चाप फार जड झालाय, हलका करून देतो," असं सांगून शेवटी मुलानं, ड्वाइटनं, ते मागून घेतलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यानं आतली स्प्रिंग बदलली.

"एवढी नाजूक?" बायको कुजबुजली. "हिनं गोळी तरी उडेल का?"

"नाही उडणार. म्हणूनच बसवतोय."

म्हाताऱ्यानं रिकामं रिव्हॉल्व्हर भिंतीवर रोखून चाप ओढला. खट्. पुन्हा ओढला. खट्.

"लोण्यासारखा! तुझ्या हातून एकदाचं काहीतरी धड झालं म्हणायचं."

मग त्यानं स्वतः गोळ्या भरल्या आणि रिव्हॉल्व्हर उशाखाली सरकवलं.

"शेवटी शेवटी माझ्या बापालाही मी असाच हलका करून दिला होता."