एक खुर्ची सोडून

माझ्या भयपटात बराच वेळ फक्त रिकाम्या खुर्च्यांची रांग दिसते. प्रेक्षकांचा अंतच पाहायचा होता मला.

"अहो, काही घडणार आहे की नाही?" पुढे बसलेला म्हातारा ताउनो ओरडला.

"कंटाळा आला असेल तर चालते व्हा!" मी मागून खेकसलो.

तो दार आपटून गेला आणि पडद्यावरच्या खुर्चीत येऊन बसला. बाकीचेही एकेक करून उठले आणि तिथं दिसू लागले. आम्ही फिनलंडची माणसं एक खुर्ची सोडूनच बसतो. तिथं मात्र सगळे खेटून बसले, मधली एकच खुर्ची सोडून.

थिएटरात मी एकटाच उरलो. ताउनोनं माझ्याकडे रोखून पाहत जांभई दिली.

"अहो, काही घडणार आहे की नाही?"