निकाल माथ्यावर

"निघायचं?" तिनं विचारलं.

"तुम्ही म्हणाल तेव्हा, मॅडम." बाकावरचे गृहस्थ ताडकन उठले.

तिला आतल्या आत हसू आलं. म्हणजे परीक्षा सुरू झालीसुद्धा.

पायथ्याच्या पत्र्याच्या निवाऱ्यात दुसरं कोणी नव्हतं. बाहेर नुकतं फटफटत होतं आणि समोर पाचही शिखरं खांद्याला खांदा लावून उभी होती. ती एका दिवसात पार करायची, सोबतच्या माणसाला सुखरूप न्यायचं, तेव्हा कुठे वाटाड्याचा परवाना हाती पडतो. परीक्षक पायथ्याशी साध्या गिऱ्हाइकासारखा येऊन बसतो. ओळख सांगत नाही. निकाल देतो तो थेट पाचव्या माथ्यावर. त्याआधी परीक्षेचा नुसता विषय काढला तरी उमेदवार बाद.

"त्याच्या गोडपणाला भुलू नकोस," गेल्या वर्षी नापास झालेल्या मामेभावानं तिला बजावलं होतं. "पाणी विचारतो, ताई-माई करतो आणि वर गेल्यावर केसानं गळा कापतो."

थोरल्या बहिणीचं तिसरंच. "दवाखान्यात रक्ताच्या नळ्या फिरवायच्या सोडून आता माणसं फिरवणार का बाईसाहेब?"

तिनं ते हसण्यावारी नेलं होतं, पण लागलं होतं. प्रयोगशाळेतली तिची खुर्ची साहेबांनी फक्त सोमवारपर्यंत रिकामी ठेवली होती. आज जमलं नाही, तर पुन्हा ती बिनखिडकीची खोली आणि यंत्राची घरघर.

गृहस्थ सुरुवातीलाच सुसाट सुटले. हा सापळा तिनं लगेच ओळखला.

"सर, जरा दमानं. दिवस मोठा आहे."

"बरोबर. चुकलंच माझं," ते म्हणाले आणि लगेच तिच्या चालीनं चालू लागले.

एक गुण खिशात! तिच्या पायांना पंख फुटले. "पहिलं सर, सर!" माथ्यावर पोचताच ती ओरडली आणि स्वतःच जीभ चावली. गृहस्थांना हसू फुटलं, पण त्यांनी ते तिथल्या तिथे गिळलं.

दुसऱ्या शिखरावर त्यांनी बाटली पुढे केली. "पाणी, मॅडम?"

तिला मामेभाऊ आठवला. "माझ्याकडे आहे. तुम्हीच घ्या ना." तिनं आपली बाटली काढली.

"नाही, आधी तुम्ही."

"छे, आधी तुम्ही."

शेवटी ते तिच्या बाटलीतलं पाणी प्यायले, ती त्यांच्या, आणि दोघांनी एकमेकांचे आभार मानले.

तिसऱ्या चढावर ते खडकाविषयी बोलू लागले. हा थर कुठला, तो त्याच्यावर कसा साचला, सगळं एका दमात. ती का मागे राहील? दरी तापली की वारा वर का चढतो, ते तिनं हातवारे करून समजावलं. ते कानांत प्राण आणून ऐकत होते. असं ऐकणारं गिऱ्हाईक मिळालं तर जन्मभर डोंगर चढेन, असं तिला वाटून गेलं. पोटऱ्या बोंबलत होत्या, पण बसू या असं ते म्हणेनात आणि मग तीही म्हणेना.

चौथ्या शिखराची धार अरुंद होती. उन्हात खडी चकाकत होती. ती वळून काहीतरी सांगायला गेली आणि पायाखालचा दगड निसटला. तेवढ्यात दंडावर घट्ट पकड बसली आणि ती मागे खेचली गेली.

दोघं खडकाला टेकून धापा टाकत राहिले. तिच्यापेक्षा त्यांचाच चेहरा जास्त उतरला होता.

"दोर लावायला हवा होता," ते पुटपुटले. "आधीच."

संपलं, तिला वाटलं. तिनं मुकाट्यानं दोर काढला, दोघांच्या कमरेला बांधला. गाठी त्यांनीही तपासल्या, मग तिनं, मग पुन्हा त्यांनी.

पाचव्याच्या खिंडीत धुकं उतरलं. हातभर पुढचं दिसेना. इथे घाई केली तर जिवावर बेतायचं, आणि थांबलं तर दिवस हातचा जायचा. तिनं त्यांच्याकडे पाहिलं. ते तिच्याचकडे पाहत होते.

"थांबू या," ती म्हणाली. "धुकं फाटलं तर वर, नाहीतर इथूनच खाली. परवाना गेला खड्ड्यात."

शब्द तोंडातून निसटला आणि तिनं पटकन ओठ मिटले. पण गृहस्थांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. "मीही हेच म्हणणार होतो," एवढंच बोलून ते बसले.

धुकं फाटलं ते एखाद्यानं पडदा ओढावा तसं. वर माथा झगझगत होता! ती उठली, ते उठले, दोर ताठ झाला. आता पोटऱ्या नव्हत्या, ठेचा नव्हत्या, नुसता श्वास होता. शेवटच्या टप्प्यावर दोघंही जवळजवळ पळतच निघाले, आणि एकाच वेळी माथ्यावर पाय टेकला.

चारी बाजूंना उघडं आभाळ. मागे चारही शिखरं, आपण इतकं चाललो यावर विश्वास बसू नये अशी. तिला नाचावंसं वाटत होतं, पण ती हात बांधून उभी राहिली. आता बोलण्याची पाळी त्यांची होती.

त्यांनी बुटांच्या नाड्या सोडून पुन्हा बांधल्या. चष्मा पुसला. तिच्याकडे पाहिलं, नजर वळवली, पुन्हा पाहिलं. शेवटी घसा खाकरून, शाळकरी मुलासारखे टाचा जुळवून ते तिच्यासमोर उभे राहिले.

"मॅडम, माथा आला म्हणून विचारतो. आता अगदी राहवत नाही हो. सांगून टाका ना एकदाचं, मी पास झालो की नाही?"