सुनेची हाक

अकरा वर्षांत सईकालने सासऱ्याचं नाव एकदाही उच्चारलं नव्हतं. किर्गिझ घरात सून ते उच्चारत नाही.

कोनोर्चेकच्या लाल कड्यांत भटकायला येणाऱ्यांना वाट दाखवायचं काम ती करायची, आणि आज तेच सुटायची वेळ आली होती. सासरा, झापार, तणतणत पुढे चालला होता. "दोर असा बांधतात? उद्यापासून घरी बस आणि मेंढ्या सांभाळ!"

दोर तिने बरोबर बांधला होता. तो वळणाआड गेला तशी ती ओरडली, "बाबा, थांबा!"

समोरच्या कड्यावरून तिचाच आवाज परत आला. "झापार, थांब!"

म्हातारा लालबुंद होऊन मागे फिरला. "माझं नाव घेतेस? तेही एकेरीत?"

"मी बाबा म्हटलं."

"मग काय दगड बोलला? पुन्हा ओरड. माझ्यासमोर!"

"नाही ओरडत, जा!" सईकालने चिडून दोन्ही तळहात तोंडावर गच्च दाबून धरले. बघा म्हणावं नीट.

वारा नव्हता. तरी कड्यावरून तांबडी माती बारीक गळायला लागली.

"झापार!"

या वेळी हाक शेजारच्या सुळक्याआडून आली. म्हाताऱ्याने तिच्या हातांकडे पाहिलं.

"झापार, इकडे ये."

आवाज तिचाच होता, आणि अकरा वर्षं गिळलेला सगळा राग त्यात होता.

झापार नव्या सुनेसारखी मान खाली घालून सुळक्याकडे निघाला. सईकालला त्याला हाक मारून थांबवता आलं असतं. तिने तोंडावरचे हात काढले नाहीत.