घरातला ठेका

त्या चौकडीच्या वाजवण्यात कशाचा कशाला मेळ नसायचा. व्हायोलिनवर अंगाई, चेलोवर लष्करी कूच, क्लॅरिनेटवर सर्कशीची धून. आणि लोक नेमके त्यावरच जीव टाकायचे. आज तर ॲकॉर्डियनवाल्याच्या नव्या रचनेला सभागृहाने डोक्यावर घेतलं. दोन ठोके सरळ, तिसरा फरफटत येणारा. टक, टक, घस्स. लोक हसत होते, ठेक्यावर खुर्चीतल्या खुर्चीत एका अंगाला कलत होते.

"हा वेडावाकडा ठेका सुचला तरी कुठून?" निवेदकाने विचारलं.

"घरातच सापडला. रोज सकाळी ऐकतो," म्हणत ॲकॉर्डियनवाल्याने पहिल्या रांगेतल्या लेकीकडे कौतुकाने पाहिलं. तिच्यासाठीच तर तो वर्षभर या रचनेवर खपला होता.

कार्यक्रम संपला. लोक तीच धून गुणगुणत, मुद्दाम एक पाय ओढत दाराकडे निघाले. ॲकॉर्डियन खाली ठेवून तो लगबगीने लेकीपाशी आला.

"कसं वाटलं गं? चल, निघू या."

ती जागची हलली नाही. कुबडी तिने केव्हाच खुर्चीखाली सरकवली होती.

"आधी सगळ्यांना जाऊ दे, बाबा. मी चालायला लागले, की लोक पुन्हा ठेका धरतील."