रेतीचा बाहुला

धूर कोंडलेल्या खोलीतून रेतीचा बाहुला ओढत तिने बाहेर आणला आणि मास्क काढून बसकण मारली. कॉलेजातल्या अग्निसुरक्षेच्या वर्गात चाळिशी उलटलेली ती एकटीच. “माणूस वाचला,” सर बाहुल्याला थोपटत म्हणाले. “आता हेल्मेटं मोजा.” हेल्मेटं बरोबर भरली; आत कोणी नाही. तिची नजर लेकीला शोधत होती. लेक त्याच कॉलेजात सिनेमा शिकायची. हा सराव ती खिडकीबाहेरून शूट करणार होती, म्हणून तिला हेल्मेट दिलंच नव्हतं. खिडकीपाशी कोणीच नव्हतं. “असेल इथेच, काकू. कॅमेरा चालू आहे तिचा.” लेकीच्या मैत्रिणीने मॉनिटर तिच्याकडे वळवला. पडद्यावर धूर होता आणि जमिनीवरून दिसावं तसं आडवं दार. त्याच दाराशी मघाशी बुटाला काहीतरी मऊ लागलं होतं. पाण्याचा पाइप समजून तिने बाहुला त्यावरून ओढला होता.